नाना गार्ड आणि माझी आठवी

हिंगणीला आमच्या शेजारी नाना गार्ड राहायचे. त्यांच्याकडचा पाहुणा निघाला, की नाना अंगणात येऊन शिट्टी वाजवत आणि हिरवी झेंडी दाखवत. त्याआधी फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. एकदा त्यांचे साडू शिट्टीआधीच निघाले, तर नानांनी त्यांना परत बोलावलं, ओट्यावर बसवलं आणि मग रीतसर सोडलं.

रेल्वेतून रिटायर होऊन चार वर्षं झाली होती, पण नाना काही गाडीतून उतरले नव्हते. भात करपला, की म्हणत "सिग्नल चुकला". बायको वारल्यापासून स्वयंपाक स्वतःच करत, त्यामुळे सिग्नल रोज चुके.

मी आठवीत नापास झाले. गणितात शंभरात नऊ. वडील शाळामास्तर, त्यांना गावात तोंड दाखवायची चोरी झाली. "पुरे झाली शाळा," ते म्हणाले आणि माझ्यासाठी स्थळं विचारू लागले. दुसऱ्याच दिवशी नाना आमच्या ओट्यावर हजर.

"मास्तर, कुसुमले काऊन उतरवता? गाडी लेट हाय, रद्द नाई झाली."

"नऊ मार्क आहेत, नाना."

"मंग शून्याच्या पुढं नऊ स्टेशनं तं आली ना."

वडिलांना हसू आवरेना. माझी शाळा तिथंच वाचली.

त्या दिवसापासून नाना रोज पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी शिकवायला येत. मी पाच-अकराला बाहेर आले, तर वहीवर 'एक मिनिट लेट' असा शेरा. गणितं सगळी गाड्यांची. व्याजाच्या गणितातही मुद्दल वर्ध्याहून निघे. इंग्रजीला एकच पुस्तक, रेल्वेच्या नियमांचं. धुक्यात गाडी कशी चालवावी हे मी इंग्रजीत पानभर लिहू शके, गायीवर मात्र चार ओळी जमत नसत.

मॅट्रिकला मला पहिला वर्ग मिळाला. नागपूरच्या एका नावाजलेल्या कॉलेजात सायन्सला अर्ज केला. मुलींना मोजक्याच जागा, आणि मुलाखत खुद्द प्रिन्सिपॉल घेत. त्यांनी शाळेचा दाखला पाहिला.

"आठवीत दोन वर्षं?"

माझ्या तोंडून एकदम नानांच्या पुस्तकातलं इंग्रजी बाहेर पडलं. उशिरा सुटलेल्या गाडीनं, सुरक्षिततेला बाधा न आणता, वाटेत वेळ भरून काढावा.

प्रिन्सिपॉलनी चष्मा काढला, हसून हसून ओले झालेले डोळे पुसले आणि अर्जावर सही केली.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले, तेव्हा नानांनी मला समोर बसवून कॉलेजातलं सगळं सांगायला लावलं. प्रकाशाचे नियम, हॉस्टेलचं पाणीदार वरण, बेडूक कापायचा तास. दोन तास झाले तरी ते हलेनात.

"नाना, कंटाळा नाही आला?"

"तीस वर्षं शेवटच्या डब्यात एकटाच बसत होतो मी. बोलाले कोनी नाई. रिटायर झालो, तं घरीबी तसंच. तू समोर बसून पाढे म्हनत होती, तेवढंच."

मी मांडी घालून नीट बसले.

"परत कधी चालली?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी."

"मंग सांग ना आनखी. त्या बेडकाचं काय झालं?"