आठ भोकांची चकती

अंबादासकाकांच्या घरातल्या प्रत्येक झाकणाला आठ भोकं आहेत. दुधाच्या पातेल्यावर तसलं झाकण, पिठाच्या डब्यावर तसलं, गरम भांडं टेकवायलाही तसलीच चकती. नवीन जालन्यात आमची आणि त्यांची भिंत एकच, त्यामुळे मला ठाऊक आहे की ही झाकणं म्हणून जन्मलीच नव्हती.

काका बियाण्याच्या कंपनीत पॅकिंग मशीनवर होते. रिटायर झाल्यावर लोक देवदेव करतात, काकांनी घरात वीज पाडायला घेतली. टेस्ला कॉइल म्हणतात त्या यंत्राला. पाइपावर तांब्याची तार गुंडाळायची, वर स्टीलचा गोळा बसवायचा आणि त्यातून हातभर निळ्या ठिणग्या काढायच्या. सगळं जमलं, अडलं एका चकतीपाशी. मोटरवर गरगर फिरणारी, कडेच्या आठ भोकांत टंगस्टनच्या आठ कांड्या बसवलेली चकती. ती जरा जरी वाकडी असली तर कांड्या सुटून भिंतीत घुसायच्या. आणि ती कुठल्या दुकानात मिळत नाही, करवून घ्यावी लागते.

तेव्हापासून काकांचं एकच पालुपद: "डगमग न्हाई चालत." पंगतीत ताट हाती आलं की आधी बोटावर फिरवून बघणार. माझ्या भाचीला पाहायला आलेला मुलगासुद्धा त्यांनी "चालताना डगमगून राह्यलाय" म्हणून नापास केला. बिचाऱ्याला नवा बूट चावत होता.

लेथवाले युसुफभाई काकांचे जुने दोस्त. चकतीतून करंट जाता कामा नये, असं काकांनी बजावलं होतं. पण जालना पडलं सळईचं गाव, इथे चांगलं म्हणजे मजबूत आणि मजबूत म्हणजे लोखंड. युसुफभाईंनी आरशासारखी पोलादी चकती दिली. ती दुधावर गेली. मग हलकी हवी म्हणून अॅल्युमिनियमची, ती पिठावर. काकांनी डोक्याला हात लावला की युसुफभाई प्रेमाने आणखी जाड बनवत.

या सगळ्यात गयाकाकूंची मला कीव यायची. कुंभार पिंपळगाव या गावी, शेतात, त्यांचा भाऊ त्यांच्या डोळ्यांदेखत वीज पडून गेला. तेव्हापासून आभाळ गडगडलं की काकू धान्याच्या कोठीमागे कान झाकून बसतात. अशा बाईच्या घरात नवरा हौसेने वीज पाडतो म्हणून सगळी गल्ली काकांना नावं ठेवायची. त्यात माझा आवाज सर्वांत मोठा. काका एवढंच म्हणत, "पावसाच्या आत चकती झाली पायजे."

अखेर स्विचबोर्डाला वापरतात तो, करंट न जाणारा तपकिरी हायलमचा पत्रा काका स्वतः घेऊन गेले आणि लेथपाशी ठाण मांडून बसले. चकती मोटरवर फिरवली, शेजारी काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवला. चहा हलला नाही. युसुफभाई म्हणाले, "लेके जाव यार. इसका ढक्कन नई बनता."

त्या संध्याकाळी मला बोलावणं आलं. यंत्र एका भिंतीला, आणि पार समोरच्या भिंतीला खुर्चीत गयाकाकू. मी भडकून काही बोलणार, तेवढ्यात काकांनी लांब तारेचा खटका काकूंच्या हातात दिला.

"ही तुझी वीज. तू म्हणशील तवा पडंल, तू म्हणशील तवा बंद."

काकूंचा हात थरथरत होता. आता पालुपद येणार, म्हणून मी काकांकडे पाहिलं. ते खाली बसले, काकूंच्या खुर्चीला टेकून.

"डगमगू दे. मला कुठं जायचंय?"

बऱ्याच वेळाने खटका पडला. चकती किंचाळली, निळी वीज कडाडली. काकूंनी ओरडून खटका वर केला आणि वीज गेली. त्या खटक्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पुन्हा दाबला.

भीती गेली असं म्हणणार नाही. परवा आभाळ गडगडलं तेव्हा मी विचारपूस करायला गेलो, तर काकू कोठीमागेच होत्या. शेजारी काका मांडी घालून बसलेले. काकूंच्या हातात तारेतून सोडवलेला नुसता खटका होता. खिडकीत वीज चमकली. काकूंनी डोळे मिटले, खटका वर केला आणि अंधार झाल्यावर काकांना म्हणाल्या, "केली बघा बंद."