वीस किलो आणि चमचाभर दही

पेडणेकर दर रविवारी आपली बॅग तोलून आणायचे. डोंबिवलीत आमच्या बिल्डिंगखाली किराणा दुकान होतं. तिथल्या पोत्यांच्या काट्यावर ते तपकिरी सूटकेस ठेवत आणि वाकून आकडा बघत. वीस किलो. विमानात तेवढंच नेता येतं. काटा पुढे गेला तर लोणच्याची बरणी आमच्या दारात. "वहिनी, वजन जास्त होतंय. खाऊन टाका."

वागळे इस्टेटमध्ये ते वेल्डर होते आणि मस्कतला जाणार होते. आम्ही राहायला आलो तेव्हाही जाणारच होते. एकट्या माणसाची खोली. कॉट, स्टोव्ह आणि दाराआड ती बॅग. मी एकदा म्हटलं, "पेडणेकर, एखादं कपाट तरी घ्या."

"वीस किलोत बसतं का रे?"

लग्नाबद्दलही त्यांचं हेच उत्तर असे.

महिन्या-दोन महिन्यांनी निघायची तालीम व्हायची. इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग घेऊन आमच्या दारात उभे. माझी बायको सुमन त्यांच्या तळहातावर दही-साखर घालायची. ते चाटून "येतो हं" म्हणायचे, रिक्षा स्टँडपर्यंत जाऊन परत यायचे. "किती मिनिटं लागली?" मी घड्याळ बघून सांगायचो. सगळा मजला हसायचा. मीही.

एकदा सुमन माहेरी गेली होती. सकाळी मी दाढी करत होतो, तर हे दारात.

"वहिनी नाहीत? मग तूच घाल की दही."

"विरजलंच नाही," मी आरशात बघतच म्हटलं. "उद्या जा मस्कतला."

दही होतं. ओट्यावर, झाकलेल्या वाटीत. तोंडावरचा फेस पुसून उठायचा मला कंटाळा आला, एवढंच.

त्यांनी बॅग उचलली. "बरं," म्हणाले आणि गेले. संध्याकाळी परतले. "आज फार वेळ लागला!" मी हसून म्हटलं. त्यांनी कुलूप काढलं आणि आत गेले. बॅगेचं वजन पुढेही होत राहिलं, पण तालीम पुन्हा झाली नाही. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

तीन-चार वर्षांनी आमच्या फिल्म सोसायटीने शाळेच्या हॉलमध्ये एक आफ्रिकन सिनेमा लावला. शहरातली माणसं, सगळी परदेशी जायच्या आशेवर बसलेली. गंमत म्हणून मी पेडणेकरांना नेलं. खालच्या इंग्रजी ओळी त्यांच्या कानात सांगत होतो. त्यांचं लक्ष फक्त बॅगांकडे.

"दोरी चुकीची बांधलीय त्याने. हँडलखालून घ्यायला पाहिजे."

मग पडद्यावर एक पोरगा निघाला आणि त्याच्या आईने मागून उंबऱ्यावर पाणी ओतलं.

"हे कशाला?"

"सुखरूप परत यावा म्हणून असेल."

"म्हणजे यांच्यातही असतं," ते म्हणाले.

घरी येताना, चालता चालता म्हणाले, "तू दाढी करत होतास ना, त्या दिवशी तिकीट होतं. खरं."

माझे पाय थांबले. "मग सांगायचं ना, पेडणेकर!"

"आधी बोललं की काम फिसकटतं. दोनदा फिसकटलेलं. म्हटलं, दही हातावर पडलं की सांगू." ते चालतच होते. "विमानतळापर्यंत गेलेलो रे. बरोब्बर वीस किलो. पण तिथे एकेकाला सोडायला दहा-दहा माणसं. हार काय, रडारड काय. म्हटलं, आपण गेलो काय नि राहिलो काय, कळणार कोणाला? परतीची बस पकडली."

"दही होतं," मी म्हणालो. इतकं हळू, की त्यांना ऐकू गेलं नसावं असं वाटलं.

"माहितीय. वहिनींची दह्याची वाटी ओळखतो मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी घेऊन मी त्यांच्या दारात गेलो. ते नुसत्या बनियनमध्ये कॉटवर बसले होते. माझ्याकडे बघितलं, वाटीकडे बघितलं.

"आता तिकडे कोण घेणार रे मला?" म्हणाले. पण तळहात बनियनला पुसून त्यांनी पुढे केला.

थोडं दही फरशीवर सांडलं. उरलेलं त्यांनी सावकाश चाटलं.

"येतो हं," म्हणाले, आणि तिथेच कॉटवर बसून राहिले.