मशीनमधले पाच जण

पितांबरशेठच्या मिलमध्ये मिरची दळायचं जे नवं मशीन आलं, त्याच्या पोटातच एक वेब सर्व्हर होता. म्हणजे मशीनचं स्वतःचं एक पान होतं. मिलच्या वाय-फायला फोन जोडला की ते उघडायचं, त्यावर पावडरचं तापमान दिसायचं आणि बोटानं पट्टी सरकवली की मशीनचा वेग बदलायचा. एका वेळी पाचच फोन आत येतील, कुणी बाहेर पडल्याशिवाय सहाव्याला जागा नाही, असं इंजिनिअरनं जाताना सांगितलं होतं. शेठनी मान डोलावली. सहावा कोण असणार, हा प्रश्न त्यांना पडला नाही.

जुन्या मशीनवर हेच काम वहाबभाई बावीस वर्षं नाकानं करत होते. स्टुलावर बसायचं, पावडरची चिमूट हुंगायची, खोकायचं आणि वेग ठरवायचा. शेठनी आता त्यांना गेटवर खुर्ची दिली आणि मशीनला हात लावायचा नाही म्हणून बजावलं. पंधरा दिवस मशीन माणसाशिवाय नीट चाललं, तर पुढे वहाबभाई कायमचे रखवालदार.  वहाबभाई खुर्चीत बसून दिवसभर फोनमध्ये बघत राहिले. नातवंडांचे फोटो बघत असतील, असं शेठना वाटलं.

मशीन झकास चाललं. बारा दिवसांत एक घाणा करपला नाही. मशीनले अक्कल शे, असं शेठ पथारीवर मिरची वाळवणाऱ्या बायांपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांना सांगत सुटले.

तेराव्या दिवशी, शुक्रवारी, सुरतेचा व्यापारी संध्याकाळी नमुना न्यायला येणार होता. तो रंग बघूनच माल घ्यायचा. असा मुहूर्त साधून शेठनी लोणखेड्याचे जवाई, त्यांचे वडील आणि दोन भाऊ यांना वरण-बट्टीला बोलावलं. मशीन जवायांच्या फोनवरून सुरू झालं. बाकीच्यांनाही कौतुक बघता यावं म्हणून वाय-फायचा पासवर्ड शेठनी गेटजवळच्या भिंतीवर खडूनं लिहिला. व्याही आत गेले, दोन्ही भाऊ गेले. शेठ स्वतःचं पान बंद करून जवायांचा फोटो काढत होते, तेवढ्यात त्यांची बहीण छबूबाई आत गेली. वहाबभाई नुकतेच नमाजाला गेले होते.

जवायांना वेगाची पट्टी सापडली. त्यांनी ती शेवटापर्यंत नेली. तापमानाचा आकडा लाल झाला, तेव्हा मिरचीचं मशीन म्हणून लाल दाखवतं, किती विचार केलाय, असं व्याही म्हणाले.

शेठच्या नाकाला करपल्याचा वास आला. त्यांनी पान उघडायला घेतलं, तर मशीननं त्यांना जागा नसल्याचं कळवलं. बंद करायचं बटण मशीनवर समोरच होतं. पण जवायांच्या हातानं चालू झालेलं मशीन सासऱ्यानं बंद करायचं, तर पुढची तीन लग्नं रुसण्यात गेली असती. शेठनी छबूबाईला बाजूला घेतलं.

"ताई, तू तरी बाहेर निंघ."

"जवाईना बाप मझार शे, तो नही दखास तुले?" छबूबाई म्हणाली. "बहीणलेच काढजो तू. लगीनमा बी आसंच करं व्हतं."

पावडर तपकिरी व्हायला लागली. शेठ व्याह्यांपुढे पाण्याचा पेला धरून नुसते उभे राहिले. तेवढ्यात वहाबभाई परतले. गेटमध्येच थांबून त्यांनी एकदा हुंगलं, गेटशेजारच्या खोलीत गेले आणि मिलचा मेन स्विच खाली ओढला.

मशीन थांबलं, पंखे थांबले.

"शेठ, लाइट गई," वहाबभाई दारातून म्हणाले.

कुणाचाही अपमान झाला नाही. लाइट जातेच. जवायांनी समजूतदारपणे फोन खिशात ठेवला आणि मंडळी जेवायला घरी गेली. लाइट मग लगेच आली.

नवा घाणा लावायला शेठनी पान उघडलं, तेव्हा खाली त्यांना एक यादी दिसली. कुठल्या फोननं केव्हा वेग बदलला, त्याची. बारा दिवस, दर दहा-पंधरा मिनिटांनी, एकच नाव: वहाब. फक्त त्या दुपारी ते नव्हतं.

शेठ गेटवर आले.

"तू चालाडी ऱ्हायंता का मशीन?"

"तुम्ही सांगं, हात लावाना नही. मी मशीनले हात लावा नही."

शेठ बराच वेळ भिंतीवरचा पासवर्ड पुसत राहिले. मग म्हणाले, झालं ते झालं, आतमध्ये तुझ्या स्टुलावर येऊन बस.

"नको शेठ. आठे हवा शे. बारा दिन व्हयनात, खोकला नही." वहाबभाईंनी फोनवरची पट्टी जरा मागे सरकवली. "फक्त त्या पानवर वास येस नही. कोनी तरी मझार बसाले पाहिजे."

सुरतेचा व्यापारी संध्याकाळी आला, तेव्हा घाणा लालभडक उतरत होता. मशीनपाशी स्टुलावर पितांबरशेठ बसले होते. पावडरची चिमूट नाकाशी धरून, खोकत, ते गेटवर फोन लावत होते.