थोडी ठेवायची की सगळी काढायची?

गुपित ठेवण्यात माझ्यासारखा गडी सबंध कसबा बावड्यात सापडायचा न्हाय! गोष्ट २००३ सालची. गारगोटीच्या श्रुतीशी माझं लग्न ठरलेलं. पुढची कातडी घट्ट असल्यानं मला जुनाच त्रास होता. डॉक्टर म्हणाले, लग्नाआधी सुंता करून टाका.

मी लगेच तयार झालो. तर त्यांनी विचारलं, "थोडी ठेवायची की सगळी काढायची? सगळी काढली तर धुवायला सोपं. थोडी ठेवली तर दिसायला फारसा फरक नाही."

आली का पंचाईत! माझ्या शर्टाचा रंगसुद्धा आजवर वडिलांनी, म्हणजे आण्णांनी ठरवलेला. म्हशींच्या धारा काढताना, वैरण टाकताना डोक्यात तेवढंच. शेवटी श्रुती आठवली. बघायला गेलतो त्या दिवसापासनं माझा जीव तिच्यात अडकलेला. तिला देखणं वाटावं म्हणून थोडी ठेवली. टाकेसुद्धा बारीक घालायला सांगितले.

घरात मात्र हर्नियाचं ऑपरेशन म्हणून सांगितलं. लुंगी लावून पाय फाकवत घरी आलो. आण्णांनी ही बातमी आम्ही दूध विकतो त्या कट्ट्यावर सांगितली आणि दुधाच्या गाडीबरोबर ती गारगोटीला पोचली. लगेच होणारे सासरे, आकाराममामा, जीप भरून पावणं घेऊन दारात हजर.

मामा आण्णांना म्हणाले, पोरगा गुणाचा हाय, पर हर्नियावाला गडी म्हशींची वैरण कशी उचलणार? सोयरीक मोडल्याली बरी.

श्रुती हातची जाणार! मामांना गोठ्यात नेलं आणि लाज गुंडाळून सगळं खरं सांगितलं.

मामांनी दारात कोण न्हाय ते बघून घेतलं. मग हळूच म्हणाले, "शुगर झाल्यापासनं मलाबी ह्योच तरास. दिवाळीत करून घेतली. सगळी काढली. तुमची?"

"थोडी ठेवलीया."

"चुकलासा. मला विचारायचं हुतं की."

एवढं बोलून मामा अंगणात गेले आणि म्हशी बिथरतील अशा आवाजात सांगितलं, हर्निया न्हाय, नुसती सुंता हाय, लगीन पक्कं! गल्लीतली सगळी दारं उघडली. दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर गिऱ्हाईकं दुधाआधी माझी तब्येत विचारत होती. पण श्रुती मिळाली, आणखी काय पाहिजे!

लग्न झालं. संसार झकास लागला. एकदा मोठ्या ऐटीत मी तिला कातडीची सगळी कहाणी सांगितली आणि विचारलं, कसं दिसतंय?

श्रुती म्हणाली, "मी काय दुसरं बघितलंय व्हय, सांगायला?"