सूलानचं काढ्याचं भांडं

वैद्याने म्हाताऱ्या तान शौरनची नाडी धरली, जीभ बघितली आणि दिवसाला सिगारेटी किती, ते विचारलं.

"दोन."

"पाकिटं?"

तान खिडकीबाहेर बघू लागला. "संसर्ग झालाय, त्यावर हा धूर. फुफ्फुसाला सूज आहे. सात दिवस काढा घ्या, मातीच्या भांड्यातच उकळा," वैद्य म्हणाला.

भांडं होतं, पण ते सहा वर्षांपूर्वी वारलेल्या सूलानने, त्याच्या बायकोने, शेजारच्या लुओवहिनींना दिलेलं. छंगतू शहरातल्या त्या गल्लीत काढ्याचं उसनं भांडं कुणी परत करत नाही. परत केलं तर आजारच पाठवल्यासारखं होतं. ज्याचं त्यानं गरज पडल्यावर येऊन न्यायचं. आता मागायला जावं, तर आपण आजारी असल्याचा बोभाटा होणार. मुलीने, यूचिंगने, तर बजावूनच ठेवलं होतं, की पुन्हा छातीची तक्रार ऐकली तर घराला कुलूप लावून तुम्हाला छोंगछिंगला माझ्या बाविसाव्या मजल्यावरच्या घरी घेऊन जाईन. नवं भांडं बाजारात मिळालं असतं, पण दुसऱ्या कशातला काढा त्याच्या घशाखाली उतरला नसता.

"वहिनी, ते भांडं द्या. लोणचं घालतोय."

"काढ्याच्या भांड्यात लोणचं? कोण आजारी आहे?"

"कुणी नाही!" म्हणता म्हणता अशी उबळ आली, की वहिनींनी स्टूल पुढे केलं. "भांडं शिआ शिंप्याने नेलंय हो."

शिआकडे पोचेपर्यंत बातमी पुढे गेली होती. वाटेत एकीने खोकल्यावर म्हणून नासपती दिल्या, एकाने त्याच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट काढून घेतलं.

"सूलानवहिनी काढा उकळायच्या ना, त्या पाल्याचा गल्लीभर मासळीसारखा वास सुटायचा!" शिआ हसला. "आम्ही जेवणाच्या बोलावण्याची वाट बघत बसायचो."

तानही हसला आणि त्याला सूलानची फार आठवण आली.

"पण भांडं यूचिंगने नेलं की! वसंतोत्सवाला, नववर्षाच्या सुट्टीत आली होती तेव्हा."

तानने तिथूनच फोन लावला.

"भांडं कशाला हवंय, बाबा? कोण आजारी आहे?" यूचिंगचा आवाज लगेच चढला.

"ते राहू दे. तू कशाला नेलंस?"

पलीकडून आला तो हुबेहूब त्याच्यासारखाच खोकला.

"ऑफिसात सगळेच ओढतात, बाबा."

रागवावं म्हणून त्याने तोंड उघडलं, पण असल्या वेळी बोलायची ती सूलान.

"भांडं पाठवून दे," तो शेवटी म्हणाला.

"परत कसं करू? आईने शिकवलंय ना. तुम्हीच या न्यायला."

तानने मिळालेल्या नासपती पिशवीत भरल्या.

"बाविसाव्या मजल्याला लिफ्ट आहे ना गं?" त्याने विचारलं.