ब्रेकला एक थेंब

सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी घड्याळवाल्यांनी बायकोला सांगितलं, "अर्ध्या तासाचं काम आहे," आणि एवढ्यावरूनच बायकोनं ओळखलं की आजचा दिवस हातचा गेला.

घड्याळवाले हे त्यांचं आडनाव नव्हे. चौकात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि सगळी गल्ली त्यांना त्याच नावानं ओळखायची. तीस वर्षं डोळ्याला भिंग लावून बसल्यामुळे जगातली कुठलीही वस्तू उघडली की समजते, आणि समजली की दुरुस्त होते, अशी त्यांची खात्री झाली होती. घरातला मिक्सर, इस्त्री आणि बाथरूमची कडी या तिघांनी या खात्रीची फळं भोगली होती. गाडी तेवढी वाचली होती, कारण ती टेबलावर मावत नव्हती.

पण आज गोष्ट वेगळी होती. दुपारी तीन वाजता मुलीची ड्रायव्हिंगची परीक्षा होती, तीही तिसऱ्यांदा. मुलगी नर्स. घरोघरी जाऊन रुग्णांची देखभाल करायची नोकरी तिला मिळाली होती. सोमवारी रुजू व्हायचं होतं आणि रुजू होताना लायसन दाखवायचं होतं. आज शुक्रवार. आज नापास झाली तर नोकरी दुसऱ्या कुणाला जाणार होती, हे त्या लोकांनी अगदी गोड भाषेत कळवलं होतं.

आणि दोन्ही वेळा ती नापास झाली ती ब्रेकमुळे. ब्रेक दाबला की गाडी अशी किंचाळायची की रस्त्यावरची माणसं कोण चिरडलं ते बघायला थांबायची. मुलगी दचकून पाय उचलायची. परीक्षकानं दोन्ही वेळा कागदावर लिहिलं होतं, 'ब्रेक पूर्ण दाबत नाही.' घड्याळवाल्यांना ते वाक्य फार लागलं होतं. नापास आपली मुलगी नाही, आपली गाडी झाली, असं त्यांना वाटत होतं, आणि ते खरंही होतं. नवे ब्रेक पॅड आणून त्यांना दोन महिने झाले होते. गॅरेजवाला दोनदा म्हणाला होता, "आणा गाडी, लावून देतो." घड्याळवाले दोन्ही वेळा नुसते हसले होते.

"अहो, परीक्षा आज आहे," बायको म्हणाली. "आजच कशाला?"

"परीक्षा आज आहे म्हणूनच. आज गाडी आवाज करणार नाही."

"गॅरेजला नेऊ या ना."

"चार बोल्ट काढायचे, चार लावायचे. त्याला काय गॅरेज लागतं?"

रात्रपाळी करून आलेली मुलगी आत झोपली होती. तिला उठवायचं नाही, असं ठरवून दोघंही कुजबुजत भांडले.

घड्याळवाल्यांनी जॅक लावून गाडीचं पुढचं टोक उचललं आणि मग चाकाचे नट सोडवायला घेतले. पाना फिरवला की नटाबरोबर अख्खं चाक फिरायचं. त्यांनी एका हातानं चाक धरून पाहिलं, मग गुडघ्यानं अडवून पाहिलं, शेवटी बायकोला चाकाला मिठी मारायला सांगितलं. तिनं मारली नाही. एवढ्यात शेजारचे ड्रायव्हरकाका कुंपणापाशी येऊन उभे राहिले. छत्तीस वर्षं त्यांनी बस चालवली होती आणि निवृत्त झाल्यापासून दुसऱ्यांच्या चुका बघणं हा त्यांचा एकमेव विरंगुळा होता.

"नट आधी ढिले करायचे असतात," ते म्हणाले. "गाडी जमिनीवर असताना."

"माहीत आहे मला."

"मग वर का घेतलीत?"

"बघत होतो, जॅक चालतो का."

गाडी खाली आली, नट ढिले झाले, गाडी पुन्हा वर गेली. सव्वादहा वाजले होते.

घड्याळवाल्यांची काम करायची एक पद्धत होती. घड्याळ उघडलं की सुटलेला प्रत्येक भाग ते पांढऱ्या कापडावर गोल मांडत; पहिला भाग एकच्या जागी, दुसरा दोनच्या, असं बारापर्यंत. जोडताना उलट यायचं. तीस वर्षांत एक स्क्रू हरवला नव्हता. गाडीच्या मानानं कापड मोठं हवं, म्हणून त्यांनी कपाटातून चादर काढली आणि अंगणात अंथरली. मग डाव्या चाकाचे भाग आणि उजव्या चाकाचे भाग, बोल्ट, पट्ट्या, स्प्रिंगा, सगळं शिस्तीत मांडलं. चाकामागच्या लोखंडी चकतीला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा, ज्याला कॅलिपर म्हणतात, तो त्यांनी तारेनं वर बांधून ठेवला. जुने पॅड काढून पुसले, कागदात गुंडाळले, त्यावर तारीख घातली आणि खणात ठेवून दिले. काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाला परत द्यायचा, हा त्यांच्या दुकानाचा नियम होता. इथं गिऱ्हाईक ते स्वतःच होते, पण नियम तो नियम.

ते खणापाशी असतानाच बायको अंगणात आली आणि थबकली.

"ही माझी नवी चादर!" असं म्हणत तिनं चादरीचं टोक धरून ओढलंही. तिचा हात विचार करून चालला असता तर पुढचा पाऊण तास वाचला असता. सकाळचे एक ते बारा एका क्षणात अंगणभर झाले.

"अगं, काय केलंस! पाचचा बोल्ट कुठंय?"

"पाचचा म्हणजे?"

"पाचच्या जागचा!"

"मला काय ठाऊक, त्याच्यावर वाजलेत किती!"

दोघंही गुडघ्यांवर बसून शोधायला लागले. ड्रायव्हरकाका कुंपणावरून दिशा सांगत होते. अकरा भाग मिळाले, पाचचा बोल्ट मिळेना. गटाराची जाळी उचलून झाली, कुंड्या हलवून झाल्या. घड्याळवाले मिनिटामिनिटाला मनगटाकडे बघत होते आणि दर खेपेला घाम पुसत होते. बारा वाजायला दहा मिनिटं असताना मुलगी डोळे चोळत दारात आली. पुढची दोन्ही चाकं नसलेली गाडी, हातापायांवर रांगणारे आईवडील आणि कुंपणावर काका, हे सगळं तिनं एकदा पाहून घेतलं.

"बाबा, मी तीन वाजता कशात बसून जाणार आहे?"

"ह्याच गाडीत. तू जा, झोप."

"तुमच्या खिशाला ते काय चिकटलंय?"

बोल्ट त्यांच्या वरच्या खिशातल्या चुंबकाच्या स्क्रूड्रायव्हरला चिकटून बसला होता. बायकोनं नुसती चादर झटकून खांद्यावर टाकली. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं घड्याळवाल्यांना वाटलं.

नवे पॅड जाड होते, त्यामुळे कॅलिपर बसेना. आतला पिस्टन मागे ढकलायला हवा होता. घड्याळवाल्यांनी तो अंगठ्यानं हलकेच दाबून पाहिला. ड्रायव्हरकाकांना ते बघवेना. ते कुंपण ओलांडून आले, जुना लोखंडी शिकंजा लावला आणि पिस्टन आत बसवून दिला. "घड्याळ नाही हे. जरा जोर लावा," असं वर सुनावलंही. एक वाजता दोन्ही बाजू जोडून झाल्या. काकांनी ब्रेक दहा-बारा वेळा दाबून तपासला, "झकास," म्हणाले आणि जेवायला गेले. तेवढे ते गेले नसते तर ही गोष्ट इथंच संपली असती.

घड्याळवाले जोडलेल्या कामाकडे बघत उभे राहिले. सगळं जागच्या जागी होतं, तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं. मग त्यांच्या लक्षात आलं. दुकानात कुठलंही घड्याळ बंद करण्याआधी ते शेवटचं जे काम करत, ते राहिलं होतं. त्यांनी बारीक चोचीची तेलाची बाटली आणली आणि दोन्ही चकत्यांवर, पॅडच्या कडेनं, निगुतीनं तेल सोडलं. घड्याळाला एक थेंब लागतो, गाडी मोठी, म्हणून वीस-वीस. चाक हातानं फिरवलं. अजिबात आवाज नाही. त्यांना भरून आलं.

"चल, एक फेरी मारू," त्यांनी मुलीला हाक मारली. "आई बसेल शेजारी. मी बाहेर उभा राहून ऐकतो."

"काय ऐकता?"

"काहीच नाही. तेच तर ऐकायचंय."

गाडी फाटकातून निघाली, उतारावरून वळून गल्लीच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. घरासमोर येताच मुलीनं ब्रेक दाबला. खरोखरच आवाज आला नाही. गाडीही थांबली नाही. घड्याळवाल्यांच्या समोरून ती अत्यंत शांतपणे पुढे गेली. आत मुलगी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी होती आणि बायकोचं तोंड उघडं होतं. मग बायकोनं डोळे मिटून मधला दांडा जिवाच्या आकांतानं वर ओढला. तो हँडब्रेक निघाला, हे सुदैव. गाडी ड्रायव्हरकाकांच्या कुंपणात अर्धी शिरून थांबली.

घड्याळवाले धावले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. दोघी धडधाकट होत्या. कुंपणाची पानं तेवढी गाडीवर पडली होती. त्यांनी मुलीचा खांदा धरला, मग बायकोचा, मग पुन्हा मुलीचा.

काका उष्ट्या हातानं बाहेर आले. वाकले, डाव्या हाताचं बोट चकतीवर फिरवून नाकाशी नेलं.

"हे काय?"

"तेल," घड्याळवाले पुटपुटले.

"कुणी घातलं?"

"आवाज येऊ नये म्हणून जरासं."

"ब्रेकला? तेल?"

"उत्तम प्रतीचं आहे हो."

"अहो घड्याळवाले, ब्रेक घासला तरच गाडी थांबणार ना! तुम्ही त्याला गुळगुळीत केलात?" काकांनी छत्तीस वर्षांत असं काही ऐकलं नव्हतं. "हे पॅड गेले आता. तेल प्यायलेत ते."

घड्याळवाले पायरीवर बसले. दीड वाजून गेला होता. "माझ्यामुळे गेली तुझी नोकरी," ते मुलीला म्हणाले. "आणि दोन मिनिटांपूर्वी तूच जायची होतीस." आणि त्यांनी चष्मा काढला.

"बाबा, रडायला वेळ नाही," मुलगी म्हणाली. "जुने पॅड कुठं आहेत?"

"खणात. तारीख घालून."

"काका, ते चालतील?"

"झिजलेत, पण महिनाभर चालतील. बोंब मारतील, थांबवतील मात्र."

"मग आणा. आई, माझ्या बॅगेतलं स्पिरिट आण आणि सगळा कापूस."

पुढचा तासभर मुलीनं कुणालाही बोलू दिलं नाही. गाडी अंगणात ढकलून आणली. नट तिनं सोडवले, आधी ढिले करून. जखम धुवावी तशा तिनं दोन्ही चकत्या आणि कॅलिपर स्पिरिटनं धुतले. कापसाचे बोळे पांढरे निघेपर्यंत. घड्याळवाल्यांना फक्त मागेल ती वस्तू हातात देण्याची परवानगी होती. शेवटचा नट आवळून झाल्यावर काकांनी गाडी गल्लीत फिरवली आणि ब्रेक दाबला. ती किंकाळी ऐकून चौघांच्याही जिवात जीव आला.

"दोन वाजून त्रेपन्न," घड्याळवाले म्हणाले. "पंचवीस मिनिटांचा रस्ता आहे."

"तुम्ही वेळ सांगू नका," बायको म्हणाली.

गाडी मुलगीच चालवत होती. वाटेत प्रत्येक सिग्नल लाल होता आणि प्रत्येक सिग्नलला गाडी किंचाळत थांबत होती. घड्याळवाल्यांनी मनगट मांडीखाली दाबून ठेवलं होतं, तरी त्यांना आतल्या आत मिनिटं कळत होती. परीक्षेच्या ऑफिसात ते पोचले तेव्हा तीन वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. पायऱ्या चढता चढता मुलीचा चेहरा उतरत गेला.

खिडकीमागच्या कारकुनानं तिचा कागद बघितला, मान वर करून भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाला, "बसा. अजून नऊ मिनिटं आहेत."

तिघांनीही भिंतीकडे पाहिलं. तिथलं मोठं गोल घड्याळ दोन एक्कावन्न दाखवत होतं.

घड्याळवाल्यांच्या घशातून एक बारीक आवाज निघाला. अठ्ठावीस मिनिटं मागे! लंबक एका बाजूला रखडत होता, घड्याळ भिंतीवर तिरकं टांगलेलं होतं. नुसतं खालून बोटभर सरकवलं असतं तरी सुधारलं असतं. त्यांचा उजवा हात आपोआप उठला. बायकोनं तो धरला आणि सोडलाच नाही.

"बाबा," मुलगी दातांतून म्हणाली, "तिकडे बघू नका."

ते खाली बघत बसले. तीस वर्षांत त्यांनी आजारी घड्याळाला पाठ दाखवली नव्हती. लंबकाचा लंगडा आवाज कानात जात होता आणि त्यांचा पाय त्याला बरोबर चालीवर आणायला जमिनीवर आपटत होता. बायकोनं आपला पाय त्यावर ठेवला. भिंतीवर तीन वाजले तेव्हा मुलीच्या नावाचा पुकारा झाला.

खिडकीतून मैदान दिसत होतं. गाडी निघाली, वळली, मागे आली. परीक्षकानं हात वर केला. मुलीनं ब्रेक दाबला आणि दाबूनच ठेवला. किंकाळी अख्ख्या इमारतीत घुमली, दोन कारकून उठून उभे राहिले आणि गाडी रेषेच्या बोटभर आत थांबली. पंधरा मिनिटांनी मुलगी शिक्का मारलेला कागद घेऊन वर आली. ती हसत होती की रडत होती, ते तिलाही सांगता आलं नसतं. आईनं तिला पोटाशी धरलं. घड्याळवाल्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. हाताला अजून स्पिरिटचा वास येत होता.

"आता सांगा त्यांना घड्याळाचं," दाराशी आल्यावर बायको म्हणाली. "झालं आपलं काम. दुरुस्त केल्याशिवाय तुम्हाला झोप यायची नाही."

घड्याळवाले खिडकीकडे वळलेच होते, तेवढ्यात एक पोरगी फाईल छातीशी धरून दोन-दोन पायऱ्या चढत आली. केस विस्कटलेले, एका चपलेचा अंगठा तुटलेला.

"काका, साडेतीन वाजून गेले का हो?" तिनं धापा टाकत विचारलं. "माझी साडेतीनची वेळ होती."

घड्याळवाल्यांच्या मनगटावर तीन वाजून बावन्न मिनिटं झाली होती. त्यांनी बाही खाली ओढली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

"सहा मिनिटं आहेत अजून," ते म्हणाले. "सावकाश जा."