मुळे सरांचे आज्ञाधारक दिवे

"आणि संध्याकाळी सगळे दिवे बंद ठेवा हं, मुळे सर," मैत्रेयी आगाशे चहा पिता पिता सहज म्हणाल्या. "अंगणातले, वाटेवरचे, सगळेच."

शामकांत मुळ्यांनी तोंडाशी नेलेला कप पुन्हा बशीत ठेवला.

"सगळेच?"

"हो ना. काजवे एकमेकांना उजेडानंच साद घालतात. आजूबाजूला दिवे असले की त्यांना जोडीदारच सापडत नाही. मग येतीलच कशाला?"

शामकांत हसले. अडचणीत सापडले की ते असेच हसत. भिंगारच्या शाळेत भूगोल शिकवताना एकदा नकाशा उलटा टांगला गेला होता, तेव्हाही ते असेच हसले होते.

निवृत्तीनंतर त्यांनी भंडारदऱ्याच्या अलीकडे डोंगराच्या कुशीत चार खोल्यांचं घर बांधलं आणि पर्यटकांसाठी खुलं केलं. पत्नी शोभाताईंचा त्याला विरोध होता. भिंगारमधला आपला गाण्याचा क्लास बंद करून त्या नाराजीनंच इकडे आल्या होत्या. मागचा हंगाम पाहुण्यांविना कोरडाच गेला, तेव्हा त्यांनी सांगून टाकलं होतं, "अजून एक हंगाम बघू. नाहीतर मी आपली परत भिंगारला. तुम्ही बसा डोंगर बघत."

म्हणूनच मैत्रेयीबाईंच्या येण्याला एवढं महत्त्व होतं. पुण्यात त्यांची सहलींची कंपनी होती, पण जरा वेगळी. एसी चालवणारी, जनरेटर धडधडवणारी हॉटेलं त्यांच्या यादीत बसत नसत. निसर्गाला कमीत कमी त्रास देणारी ठिकाणं त्या शोधत. घर आवडलं तर काजव्यांचा अख्खा हंगाम त्या माणसं पाठवणार होत्या. आज सहा पाहुणे घेऊन त्या स्वतःच पारख करायला आल्या होत्या. मातीच्या भिंती त्यांना आवडल्या, छपरावरचा सौर बंब आवडला, चुलीवरची भाकरी तर फारच आवडली.

आणि त्यांना खूश करायलाच शामकांतांनी गेल्या आठवड्यात अंगणापासून मागच्या हिरड्याच्या झाडांपर्यंत सौर दिव्यांची रांगच्या रांग उभी केली होती. त्या दिव्यांना बटण नव्हतं. अंधार पडला की ते आपोआप लागत, उजाडलं की विझत. शिवाय चोरीच्या भीतीनं शामकांतांनी ते खांबांना वेल्डिंग करून घेतले होते आणि खांब सिमेंटात रोवले होते.

पाहुणे जेवून आडवे होताच शामकांतांनी घराच्या मागे जाऊन संगमनेरच्या दुकानदाराला फोन लावला.

"करण, ते दिवे बंद कसे करायचे रे?"

"बंद? सर, लोक चालू होत न्हाईत म्हणून फोन करत्यात. तुमचं काय वायलंच!"

"अरे, पण करायचेच असले तर?"

"काय गरजच न्हाई, सर. ऑटोमॅटिक हायेत. तुमी बिनघोर झोपा."

बिनघोर झोपणं शामकांतांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. त्यांनी बांधाला बांध असलेल्या गोरक्षला हाक मारली. गोरक्ष शिडी घेऊनच आला. अडचण काय हे ऐकण्याआधीच उपायाला लागायचं, हा त्याचा स्वभाव.

"येवढंच व्हय? खताच्या गोण्या हायेत माज्याकडं. टोपडी घालून टाकू एकेकाला!"

तासाभरात गोरक्षनं सगळ्या दिव्यांना वरून गोण्या घातल्या आणि सुतळीनं आवळल्या. शामकांतांनी सुटकेचा श्वास सोडला. तो पुरता सुटायच्या आत पहिली गोणी आतून पिवळीधमक उजळली. मग दुसरी, मग तिसरी. भर दुपारी चार वाजता अंगणात आकाशकंदिलांची रांग लागली.

"आयला! ह्यांना काय झालं?" गोरक्ष शिडीवरूनच ओरडला.

शामकांतांच्या लक्षात आलं. गोणीनं दिवा झाकला होता आणि दिव्याच्या डोक्यावरचं पॅनलही. आत अंधार झाला, आणि रात्र पडली असं समजून दिवे इमानदारीत कामाला लागले होते.

"काढ, काढ गोण्या!"

"थांबा की, सर. उलट बेस झालं. आत्तापासून जळू द्या. सांजंपत्तर बॅटरी खलास! मग कुटून पेटत्याल?"

शामकांतांना हे एकदम पटलं. घाबरलेल्या माणसाला काहीही पटतं.

तेवढ्यात मैत्रेयीबाई ओसरीवर आल्या. "अय्या! दिवसा दिवे?"

"टेस्टिंग," शामकांत म्हणाले.

"गोण्या घालून?"

"धूळ बसते ना फार."

मैत्रेयीबाईंनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. शामकांतांनी मान तिरकी करून वाचायचा प्रयत्न केला, पण अक्षर फार बारीक होतं.

सूर्य कलला. दिवे मंद होण्याची वाट बघत शामकांत या खांबाकडून त्या खांबाकडे येरझाऱ्या घालत राहिले. दिवे ढिम्म. काळोख वाढला तसे ते उलट जास्तच झळाळू लागले. शोभाताई कणकेच्या हातानंच बाहेर आल्या.

"अहो, हे काय चाललंय? पाहुणे मागच्या बाजूला जाऊन बसलेत. बिचाऱ्यांनी मोबाईलसुद्धा खिशात ठेवलेत. आणि इथं तुमची दिवाळी!"

"जाड काहीतरी टाकायला हवं वरून. घोंगड्या आहेत ना आपल्याकडे?"

"दोन आहेत. आणि खांब किती रोवलेत तुम्ही?"

शामकांतांनी पुन्हा करणला फोन लावला. बॅटरीचं ऐकून करण खूश झाला. "खलास कशी हुईल, सर? तीन दिवस ऊन न्हाई पडलं तरी चालत्यात. माल लई भारी दिलाय तुमाला. पॅनलवर उजेड पडला तरच इझनार. त्याला वाटतं दिवस उगवला."

गोरक्षनं फोनला कान लावून एवढंच ऐकलं. "मग उजेड पाडू की!" म्हणाला आणि शिडी टाकून पळाला.

थोड्या वेळानं धड् धड् धड् असा आवाज डोंगरावर आपटून परत आला. गोरक्ष ट्रॅक्टर घेऊन आला होता. ट्रॉलीत भाच्याच्या मंडप डेकोरेशनमधला डिझेलचा जनरेटर होता आणि लग्नात लावतात तसले दोन हॅलोजन. शामकांतांनी तोंड उघडेपर्यंत त्यानं गोण्या ओढून काढल्या, हॅलोजनची तोंडं वर केली आणि खटका दाबला.

घर, अंगण, हिरड्याची झाडं, गोठ्यातल्या म्हशी, सगळं लख्ख उजळलं. कोंबडा आरवला. आणि सौर दिवे एकामागून एक शहाण्या मुलांसारखे विझले.

"इझलं! सर, इझलं!" गोरक्ष नाचायला लागला.

"आणि हे?" शोभाताईंनी हॅलोजनकडे बोट केलं.

गोरक्षनं जनरेटर बंद केला. हॅलोजन विझले. आणि अंधार झालेला बघून सौर दिवे पुन्हा लागले.

डिझेलचा काळा धूर अंगणावरून तरंगत घराच्या मागे गेला आणि त्या धुरातूनच मैत्रेयीबाई पुढे आल्या. त्यांनी ट्रॅक्टर पाहिला, जनरेटर पाहिला, हॅलोजन पाहिले.

"मुळे सर," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सौर दिवे विझवायला तुम्ही डिझेल जाळताय?"

या वेळी शामकांतांना हसूही आलं नाही. खाली मान घालून त्यांनी बटणापासून वेल्डिंगपर्यंत सगळं सांगून टाकलं. "चूक माझी आहे. तुम्हाला आवडावं म्हणून लावले होते."

मग शोभाताईच पुढे झाल्या. "गोरक्ष, पलीकडे तुझ्या शेतात काय आहे?"

"काय न्हाई, काकू. लाइटीची डीपी जळलीय, चार दिस झालं. बोर्डाचं कोन फिरकंना. लई अंधार हाय."

"चला मग," शोभाताई म्हणाल्या आणि पदर खोचून चालायलाच लागल्या.

टेकाड ओलांडताच मुळ्यांचे दिवे मागे बुडाले. पुढे असा अंधार होता की स्वतःचा हातही दिसेना. पाहुणे एकमेकांचे खांदे धरून चालले होते. शामकांत सगळ्यांत मागे होते. आता बाई काय लिहितील, शोभा सामान कधी बांधेल, यातच त्यांचं मन गुंतलेलं. पुढचा बांध त्यांना दिसलाच नाही. ते धपकन खालच्या चिखलात, एका सादड्याच्या बुंध्याशी जाऊन बसले.

"अहो, लागलं का?" शोभाताईंचा आवाज आला.

शामकांत उत्तर देणार, तोच डोक्यावरचं झाड लुकलुकलं. एक फांदी उजळली, मग शेजारची, आणि बघता बघता सगळा सादडा एका तालात पेटू आणि विझू लागला. शामकांतांच्या धक्क्यानं हललेल्या खालच्या फांदीवरचे काजवे उडाले आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरले. खांद्यावर, बाहीवर, टकलावर.

"मुळे सर, हलू नका!" मैत्रेयीबाई कुजबुजल्या. "प्लीज, अजिबात हलू नका."

कंबरेखाली गार चिखल, पायाखाली काहीतरी टोचणारं. शामकांत बसून राहिले. पाहुणे त्यांच्याभोवती गोल करून श्वास रोखून उभे होते. त्यात शोभाताईही होत्या. "किती छान दिसताय हो!" त्या पुटपुटल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य शामकांत पहिल्यांदाच ऐकत होते.

बऱ्याच वेळानं मैत्रेयीबाई हलकेच म्हणाल्या, "माझे पाहुणे आता इथंच येणार, पूर्ण हंगाम. जेवण आणि मुक्काम तुमच्याकडे, काजवे गोरक्षभाऊंच्या शेतात. फक्त एक सांगा, सरांचं हे असं रोज जमेल का?"

"न जमायला काय झालं?" अंधारातून गोरक्षचा आवाज आला. "रोज बशीवतो की सरांना!"

शामकांतांना हरकत घ्यायची होती. पण नेमका एक काजवा त्यांच्या मिशीवर येऊन बसला, आणि त्यांना तोंड उघडता आलं नाही.